‘बटणदाबे’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय (नाव दिलेलं नाही, म्हणून महोदय),

गच्चीवरच्या संगणकीय (रिमोटवर नाव निवडलं की त्या ताऱ्याकडे आपोआप वळणाऱ्या) दुर्बिणीबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: “या बटणदाब्यांना खगोलप्रेमी म्हणायचं का? रिमोट काढून घ्या, सप्तर्षीसुद्धा दाखवता येणार नाहीत. मेसिएने कुठलं बटण दाबलं होतं? तेवढ्याच पैशात आठ इंची डॉब्सोनियन येते, ती घ्या आणि आधी आकाश शिका. शिवाय ही खेळणी तासाभरात सेल खाऊन झोपतात.” (इतर वाचकांसाठी: मेसिए म्हणजे धूमकेतू आणि तेजोमेघ शोधणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ, आणि डॉब्सोनियन म्हणजे हाताने फिरवायची साधी दुर्बीण.)

सेलचं आधी मिटवून टाकू, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. आठ पेन्सिल सेल मोटारींना फार वेळ पुरत नाहीत. मी बारा व्होल्टची बॅटरी जोडतो. लेखात ते आलं नव्हतं, एवढं मान्य.

आता सप्तर्षी. मतभेद असायला माझी काही हरकत नाही. लेखाखाली आणखीही काहींनी वेगळी मतं मांडली आहेत, पण नीट बोलून. ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नाही त्याला सप्तर्षी ओळखता येत नाहीत, हा शोध तुम्ही कुठल्या दुर्बिणीतून लावलात, तेवढं सांगा. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलो. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपायचो. अंगिरस, वसिष्ठ, मरीची ही कमान तशीच पुढे न्यायची की स्वाती, आणखी पुढे नेली की चित्रा, हे वडिलांनी दाखवलं तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. 1986 च्या मार्चमध्ये पहाटे बांधावर उभं राहून हॅलीचा धूमकेतू शोधला, शाळेतून मागून आणलेल्या दुर्बिणीने. तेव्हा आमच्या गावात टीव्हीलाही रिमोट नव्हता. तेव्हा ‘आधी आकाश शिका’ हे कुणाला सांगायचं ते जरा बघून सांगा.

आणि रिमोटला आकाश येतं असं तुम्हाला वाटतंय, तोच मुळात गैरसमज. त्याला येतं काय, तर मी भरलेली तारीख, वेळ, पुण्याचे अक्षांश-रेखांश आणि मी दाखवलेले दोन तारे. तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी. ग्रिनिचच्या वेळेशी असलेला साडेपाच तासांचा फरक भरताना अर्धा तास गाळलात तर त्याच्या हिशेबातलं आकाश साडेसात अंश सरकलं, म्हणजे पौर्णिमेचे पंधरा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढं. मग पाणसळ लावून तिपाई समतल करायची. स्वाती नेत्रिकेच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) बरोबर मध्यावर आणायची, आणि शेवटची हालचाल वरच्या आणि उजव्या बाणानेच करायची, म्हणजे गिअरमधली ढिलाई निघते. मग चित्रा, तीही तशीच. स्वातीच्या जागी चुकून दुसराच तारा धरला तर रिमोट बिचारा त्यावर विश्वास ठेवतो आणि रात्रभर रिकामं आकाश दाखवतो. सप्तर्षी न ओळखणाऱ्याने हे करून दाखवावं. मी चहा पाजेन.

मेसिएने बटण दाबलं नाही, बरोबर. तो अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये क्लूनीच्या मनोऱ्यावर बसत होता. त्याच्या समोर एलईडीचे हायमास्ट नव्हते, शेजारच्या इमारतीवर रात्रभर जळणारा जाहिरातीचा फलक नव्हता. माझ्या गच्चीसमोर दोन्ही आहेत. मेसिएच्या यादीतला तेरावा, एम 13 घ्या. शौरी तारकासमूहाच्या चौकोनात ईटा आणि झीटा या दोन ताऱ्यांच्या मधे, ईटाकडून एक तृतीयांश अंतरावर तो तारकागुच्छ आहे. मला हे तोंडपाठ आहे. पण ईटाची प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) साडेतीनच्या आसपास, आणि एप्रिल-मेच्या धुळीत माझ्या गच्चीवरून तो दिसेलच असं नाही. जो तारा दिसतच नाही त्याच्यावरून उडी मारून पुढे जायचं कसं, हे आकाश शिकलेल्यांनी समजावून सांगावं. रिमोट तिथे नेऊन सोडतो. सहा इंची नळी, 25 मिलिमीटरची नेत्रिका, 60 पट. आधी नुसता धुरकट गोळा दिसतो. पट वाढवून नजर जरा बाजूला ठेवली की कडेला ताऱ्यांचे दाणे सुटायला लागतात. तुमच्या मेसिएने 1764 मध्ये याच गोळ्याची नोंद करताना ‘तारे नसलेला तेजोमेघ’ असं लिहिलं होतं. त्याचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, माझ्या बटणानेही होत नाही.

आणखी एक. खालच्या मजल्यावरच्या आजी शनी बघायला वर येतात. चष्मा काढायचा, पदर सावरायचा, कुठला डोळा लावायचा ते ठरवायचं, मग “काही नाही हो दिसत”, मग पुन्हा. दीडशे पटीला हाताने फिरवायच्या दुर्बिणीतून ग्रह मिनिटभरात निघून जातो. इथे मोटार बारीक कुरकुरत राहते आणि शनी जागेवर असतो. आजींना कडी दिसली तेव्हा त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, आत चित्र चिकटवलंय का? त्यांना खगोलप्रेमी म्हणायचं की नाही हे तुमच्या समितीने ठरवावं.

डॉब्सोनियनबद्दल काय बोलणार? आठ इंच सहा इंचांपेक्षा मोठे असतात हे मला चौथीत कळलं होतं. पैसे माझे, जिना माझा, गुडघेही माझेच. चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत ती उचलून द्यायला दर शनिवारी येणार असाल तर बोलू. आणि बटणाचा एवढाच विटाळ असेल तर गिरवलीला जाऊन आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या 2 मीटर दुर्बिणीवर काम करणाऱ्यांनाही सांगून या. तेही संगणकासमोरच बसतात.

प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र खाली नाव लिहा. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी रात्री दहानंतर मी गच्चीवर असतो. यायचं असेल तर खुशाल या. फक्त दुर्बिणीजवळ येरझाऱ्या घालू नका, स्लॅब हलतो. आणि तारे दाखवायचा हिरवा लेझर असेल तर घरीच ठेवा, लोहगावला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात.