गुलाबी कॉलनी म्हणजे ई. कोलायच, असं नसतं

परीक्षा जवळ आली की डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेच्या, मुलांच्या ग्रुपवर एक रंगीत तक्ता फिरू लागतो. मॅकाँकी, टीसीबीएस आणि मॅनिटॉल सॉल्ट या जंतू वाढवायच्या प्लेटा, आणि त्यांवर जंतूंचा जो ठिपका वाढतो ती कॉलनी. मॅकाँकीवर गुलाबी म्हणजे ई. कोलाय, बिनरंगी असेल तर साल्मोनेला किंवा प्रोटियस. टीसीबीएसवर पिवळी म्हणजे कॉलरा. मॅनिटॉल सॉल्टवर पिवळी म्हणजे स्टॅफ ऑरियस. तळाला ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 'रंग बघा, जंतू ओळखा, पुढच्या चाचण्यांची गरज नाही.' पाठांतराला तक्ता वापरायला माझी हरकत नाही. पण ती तळाची ओळ पुढे पेशंटच्या रिपोर्टवर उतरते, म्हणून एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी गुलाबी. मॅकाँकीत लॅक्टोज ही दुधातली साखर असते आणि आम्लात रंग बदलणारं न्यूट्रल रेड असतं. जंतूने लॅक्टोज आंबवून आम्ल केलं आणि सामू ६.८च्या खाली गेला की कॉलनी गुलाबी होते. म्हणजे रंग सांगतो ते इतकंच, की या जंतूने लॅक्टोज खाल्लं. लॅक्टोज क्लेबसिएला खातो, एन्टेरोबॅक्टरही खातो. क्लेबसिएलाची कॉलनी बुळबुळीत आणि फुगीर दिसते खरी, पण दर वेळी नाही. इथे चूक झाली तर ती नुसती नावाची राहत नाही. क्लेबसिएला न्यूमोनिए अॅम्पिसिलिन या अँटिबायोटिकला जन्मतःच दाद देत नाही, ई. कोलायच्या बाबतीत मात्र ते चाचणी करून ठरतं. इंडोल, सायट्रेट आणि युरिएज या चाचण्यांच्या तीन नळ्यांत दोघे सहसा वेगळे होतात. ई. कोलाय इंडोल पॉझिटिव्ह आणि बाकी दोन्हींत निगेटिव्ह, तर क्लेबसिएला न्यूमोनिए नेमका उलट.

बिनरंगीचा धोका मला याहून मोठा वाटतो. ई. कोलायचे काही स्ट्रेन (उपप्रकार) लॅक्टोज आंबवतच नाहीत. लघवीच्या नमुन्यात असा स्ट्रेन निघाला आणि तक्ता बघून कुणी 'प्रोटियस' लिहिलं, तर डॉक्टर नायट्रोफ्युरँटॉइन टाळतील, कारण प्रोटियसवर ते मुळातच चालत नाही. साध्या गोळीने बरं होऊ शकणारं इन्फेक्शन मग विनाकारण जड औषधांकडे जातं. शिगेला सोनेई तर लॅक्टोज इतकं सावकाश आंबवतो, की २४ तासांनी बिनरंगी दिसलेली कॉलनी पुढच्या एक-दोन दिवसांत गुलाबी होऊ शकते.

'टीसीबीएसवर पिवळी म्हणजे कॉलरा' या दाव्याला आपल्याच देशातल्या साथीने उत्तर दिलेलं आहे. टीसीबीएसवरचा पिवळा रंग सुक्रोज (साधी साखर) आंबवल्याचा. व्हिब्रिओ कॉलेरीची कॉलनी पिवळी येते, तशीच समुद्रातल्या व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसचीही येते. पण खरी गोष्ट १९९२ची. त्या वर्षी मद्रासमध्ये कॉलरासारख्या जुलाबांच्या पेशंटांकडून व्हिब्रिओ कॉलेरी निघाला, पण तो ओ१ या प्रकाराच्या अँटिसीरमशी, म्हणजे त्या प्रकाराच्या जंतूंच्या गुठळ्या करणाऱ्या द्रवाशी, गुठळ्याच धरेना. तोवरची समजूत अशी, की साथ आणतो तो ओ१. हा नवा प्रकार पुढे ओ१३९ म्हणून ओळखला गेला आणि बांगलादेशापर्यंत पसरला. प्लेटवर ओ१, ओ१३९ आणि साथ न आणणारे इतर व्हिब्रिओ कॉलेरी यांच्यात फरक दिसत नाही. तो कळतो अँटिसीरमने. आणखी एक, टीसीबीएसवरच्या कॉलनीची थेट ऑक्सिडेज चाचणी करू नका, ती फसवते. आधी साध्या अगारवर सब-कल्चर घ्या, म्हणजे तीच कॉलनी तिथे पुन्हा वाढवा.

उलट्या बाजूनेही रंग दगा देतो. ई. कोलाय ओ१५७ हा रोग करणारा प्रकार सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ लवकर आंबवत नाही, म्हणून लॅक्टोजऐवजी सॉर्बिटॉल घातलेल्या सॉर्बिटॉल मॅकाँकीवर त्याची बिनरंगी कॉलनी शोधायची पद्धत पडली. २०११मध्ये जर्मनीत मूत्रपिंडं निकामी करणारी मोठी साथ आली. तिचा ओ१०४ स्ट्रेन सॉर्बिटॉल आंबवणारा होता, त्यामुळे त्याच प्लेटवर तो आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायसारखाच दिसत होता.

मॅनिटॉल सॉल्टबद्दल थोडक्यात. ७.५ टक्के मीठ सोसून मॅनिटॉल आंबवणाऱ्यांत स्टॅफ सॅप्रोफिटिकसचेही बरेच स्ट्रेन असतात. कोअॅग्युलेज चाचणी केल्याशिवाय ऑरियस लिहू नये.

'आता मशीन नाव सांगतं' असंही ऐकू येतं. माल्डी-टॉफ हे जंतू ओळखणारं मशीन मिनिटांत नाव देतं हे खरं, पण नेहमीच्या वापरात ई. कोलाय आणि शिगेला त्यालाही भरवशाने वेगळे करता येत नाहीत. शिवाय त्याला द्यायची कॉलनी शुद्ध हवी, आणि मिसळीतून ती नेमकी उचलायला हाच रंग मदत करतो. डिफरेन्शियल मीडियाची, म्हणजे रंगाने फरक दाखवणाऱ्या अशा प्लेटांची, खरी किंमत मला इथे दिसते. कुठल्या कॉलनीला सुई लावायची आणि पुढच्या कोणत्या नळ्या काढायच्या, हे तो सांगतो.

प्लेट वाचायची ती १८ ते २४ तासांत. त्यानंतर प्लेटमधलं पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) फुटून अमोनिया सुटतो आणि रंग पालटू लागतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या टीसीबीएसवर पिवळ्या कॉलनी हिरव्या पडतात. डॉक्टरांचा फोन पहिल्याच दिवशी आला, तर 'लॅक्टोज आंबवणारे ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, ओळख चालू आहे' एवढंच सांगा. नाव दुसऱ्या दिवशी, इंडोलची लाल कडी पाहून.