नोंद सोडवा, मेमरी फुंका, घरी जा

छत्रपती संभाजीनगरात बसून तुम्ही एखाद्या गेटवेचा (दोन नेटवर्कं जोडणाऱ्या डब्याचा) लिनक्स कर्नल ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा कोड, लिहीत असाल आणि हॅश टेबलातली मेलेली कनेक्शनं काढायची असतील, तर उगं डोकं लावत बसू नका. साखळीतून नोंद सुटली की त्याच दमात केफ्री मारा, म्हणजे तिची मेमरी मोकळी करून टाका. प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर कुणी नेमकी तीच नोंद वाचत असेल तर असू द्या. माळवदावर पाहुणे झोपलेत का, हे बघून कुणी घर पाडतं का?

लॉक? आहे की, लिहिणाऱ्याकडं: स्पिनलॉक, मिळेपर्यंत जागेवरच घिरट्या घालायला लावणारं कुलूप. वाचणारे आरसीयूच्या (लॉक न घेता वाचू देणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) भरवशावर फिरतात, तुमच्या स्पिनलॉकला ते विचारतही नाहीत. पण रिव्ह्यूत स्पिनलॉक दिसला की साहेब खूश.

साखळी फिरायचा लूप 'सेफ'वालाच घ्या. तो पुढचा दुवा आधी उचलून ठेवतो, म्हणजे हातातली नोंद तुम्हीच काढली तर अडखळत नाही. दुसऱ्या कोअरशी त्याचं देणंघेणं नाही, पण हे कुणाला सांगू नका.

डिलीटही साधीच वापरा. ती काढलेल्या नोंदीच्या पुढच्या दुव्यात विषारी पत्ता भरते, वाचणारा त्यावर पाय ठेवतो आणि कर्नल आडवा. आरसीयूवाली डिलीट तो दुवा मुद्दाम तसाच ठेवते, मधेच अडकलेला वाचक साखळीच्या टोकापर्यंत नीट पोचावा म्हणून. असली माया परवडते का बाप्पा?

तरी क्रॅश झालाच, तर केफ्रीच्या आधी एमस्लीप १०० टाका, म्हणजे १०० मिलिसेकंदांची झोप. जुने वाचक खरोखर बाहेर पडेपर्यंत थांबणारं सिंक्रोनाइझ-आरसीयू आहे, थांबायला वेळ नसणाऱ्यांसाठी एका ओळीचं केफ्री-आरसीयू आहे. आरसीयू २००२ पासून कर्नलात आहे. पण आपला अंदाज त्याहून जुना! १०० पुरले नाहीत तर ५०० करा. हीच झोप स्पिनलॉकच्या आत टाकलीत तर लॉगमध्ये 'स्केड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक' (झोपायची मनाई असताना झोपलात) असा ओरडा येईल. लॉगची पातळी कमी करा.

कुणी नोंदीचा पॉइंटर घेऊन आरसीयूच्या वाचन-विभागाबाहेर गेला, तर रेफरन्स मोजणं (नोंद किती जणांच्या हाती आहे ते) त्याच्याच नशिबावर सोडा. कॉल-आरसीयू (जुने वाचक गेल्यावर तुमचं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालवणारं) वापरलंच असेल, तर ड्रायव्हरचं मॉड्यूल उतरवताना आरसीयू-बॅरियरसाठी, म्हणजे उरलेले कॉलबॅक संपेपर्यंत, थांबू नका. कॉलबॅक येईल तेव्हा कोडच जागेवर नसेल, म्हणजे चूक कुणाची हेही सापडणार नाही.

चाचणी एका कोअरच्या व्हर्च्युअल मशीनवर घ्या. केएसॅन (KASAN, मोकळ्या केलेल्या मेमरीला कुणी हात लावला की पकडणारं कर्नलचं साधन) बंद ठेवा, फार हळू चालतं आणि फार खरं बोलतं. मग माल परभणीला पाठवा. तिकडून फोन आला तर म्हणा, मे महिना आहे, बोर्ड तापतोय.