पाठीवर पियानो, अंगावर दगड

'एलोना' खेळायला बसणाऱ्या प्रत्येकाला आपण वीरपुरुष आहोत असं वाटतं. नोआ या नावाने लिहिणाऱ्या जपानी माणसाने बनवून फुकट वाटलेला हा रोगलाइक, म्हणजे दर वेळी नव्याने रचल्या जाणाऱ्या भुयारांत भटकायचा संगणकावरचा खेळ, पहिल्या दहा मिनिटांतच ती हवा काढून टाकतो. जहाज फुटतं, आपण नॉर्थ टायरिस या खेळातल्या प्रदेशाच्या किनाऱ्याला लागतो आणि एलेआ जमातीचे दोघे प्रवासी, लोमियास आणि लार्नेर, आपल्याला वाचवतात. मग खेळ शिकवायला लोमियास पुढे सरसावतो. जेवायचं कसं हे दाखवायला एका भिकाऱ्याचं मढं समोर ठेवून म्हणतो, खा. शिकवणी आहे म्हणून आपण मुकाट्याने खातो. डोकं फिरतं, आणि वर हाच गृहस्थ विचारतो, खरंच खाल्लंस की काय? या खेळात कुणाचंही न तपासता ऐकायचं नाही, हा धडा त्याने फार स्वस्तात दिला असं माझं मत आहे. पुढचे धडे महाग पडतात.

मुख्य कथा लेसिमास नावाच्या भुयारात तुमची वाट बघत असते. बघू दे. तिथे जाण्याची कसली घाई नाही, कुणी हटकतही नाही. शेती करा, मासे पकडा, दुकान काढा, संग्रहालय काढा. अडचण एवढीच, की यातल्या प्रत्येक उद्योगात मरायची सोय आहे.

ओझ्याचंच घ्या. सामानाच्या यादीखाली एकूण वजन आणि तुमची मर्यादा दिसते. मर्यादा ठरते ताकदीवर आणि ओझं उचलण्याच्या कौशल्यावर. ती ओलांडली की चाल मंदावते, आणि अशा अवस्थेत जिन्यावर पाय ठेवलात तर तोल जाऊन गडगडता. आणखी भरलंत तर पाठीवरची पिशवीच तुम्हाला चिरडायला लागते. मेल्यावर खेळ आधी शेवटचे शब्द विचारतो आणि मग तुमचं नाव मृत्यूच्या कारणासकट यादीत टाकतो. त्या यादीत 'ड्रॅगनने मारलं' यापेक्षा 'जिन्यावरून पडून' आणि 'सामानाखाली चिरडून' अशाच नोंदी दिसायला लागतात. उपाय साधा आहे. भुयारातून निघताना खनिजाचे दगड आणि अवजड चिलखतं तिथेच टाका. विकून चार पैसे येतील म्हणून जो तो हावरटपणे उचलतो, आणि त्या चार पैशांसाठी गडगडतो.

यावर कडी करणारा धंदा म्हणजे पियानोवादन. सुरुवातीला पात्राचा वर्ग, म्हणजे पेशा, निवडताना यादीत चक्क पियानोवादक आहे. वाद्य मोठं, वजनदार, आणि ते सोबत घेऊन गावोगाव फिरायचं. वाजवायला सुरुवात केली की जवळपासचे लोक श्रोते होतात आणि आवडलं तर नाणी टाकतात. गोम अशी, की प्रत्येक श्रोत्याच्या लेव्हलची तुलना तुमच्या वादनकौशल्याशी होते. श्रोता वरचढ असला की त्याला तुमचं वादन बेसूर वाटतं, आणि तो नाराजी तोंडाने व्यक्त करत नाही. तो दगड मारतो. सुरुवातीच्या पात्राला असा एक दगड पुरतो. यादीत कारण पडतं: श्रोत्यांनी मारलं. आपल्याकडच्या संगीतसभांतले दर्दी कितीही कडक असले तरी मान हलवायची थांबवतात, एवढंच.

म्हणून वेर्निस या गावात पोचल्या पोचल्या भर चौकात वाजवायला बसू नका. आधी आसपास कोण उभं आहे ते बघा. पहारेकरी असेल तर नको. दुकानदार, शिक्षक, भटके साहसी, हे सगळे लेव्हलने दांडगे; त्यांच्या नजरेच्या टप्प्यात वाजवणं म्हणजे आत्महत्या. पोरंटोरं, भिकारी, साधे गावकरी हे खरे रसिक. भिंतीआडची खोली गाठा, दोन-तीन किरकोळ श्रोते धरा आणि वाजवा. त्यांच्या खिशातले पैसे संपतात, कानही विटतात. मग जागा बदला, काही दिवसांनी परत या. कौशल्य वाढेल तसे एकेक पायरी वरचे श्रोते घ्या. आणि वादनाला काही क्षण लागतात हे विसरू नका, कारण तेवढ्यात एखादा साहसी दार उघडून आत येतो आणि मैफल उरकते.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. कच्चं मांस अंगी लागत नाही, नासलेलं तर उलटून पडतं, आणि ओकाऱ्या वाढल्या की अन्नावरची वासनाच उडते. स्वयंपाकाचं साहित्य जवळ ठेवा. पोटात परग्रहाच्या जिवाचं अंडं पडलं असेल तर ते वाढून, पोट फोडून बाहेर येतं. त्यावरचा खात्रीचा उतारा तेजाब पिणं. होय, पिणं. घसा भाजतो, पण पोट रिकामं होतं.

आता हवामान. खेळाचं पंचांग ५१७ सालच्या ऑगस्टच्या १२ तारखेला सुरू होतं. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या सुरुवातीला ईथरचं, म्हणजे अंगाला रोग लावणारं, वारं सुटतं. म्हणजे नव्या खेळाडूच्या हातात तीन आठवडेही नसतात, आणि जगाच्या नकाशावर चार गावं हिंडलं की तेवढे दिवस सहज उडतात. वाऱ्यात सापडलात की ईथररोग बळावतो. पायांना खूर फुटतात, मग बूट चढत नाहीत. पाठीवर कवच उगवतं, मग अंगरखा चढत नाही. हात विषारी झाले की प्यायला घेतलेलं औषधही विष होतं. रोग उतरवायची बाटली मिळते, पण दुर्मिळ आणि महाग. त्यापेक्षा महिनाअखेर जवळ आली की गाव गाठा आणि तिथल्या निवाऱ्यात जाऊन गप बसा. त्या दिवसांत एखादं सामान पोचवण्याचं काम घेऊन निघणारे लोकच पुढे खूर घेऊन फिरताना दिसतात.

हे सगळं निभावलं तरी कर उरतोच. पाचव्या लेव्हलपर्यंत सूट आहे. पुढे घरातल्या पगाराच्या पेटीत १ आणि १५ तारखेला वेगवेगळ्या क्रमवाऱ्यांतल्या तुमच्या स्थानाप्रमाणे पैसे आणि वस्तू येतात, आणि त्यातच १ तारखेला बिलही येतं. पगार आणि बिल एकाच पेटीत टाकणारा हा नोआ नक्कीच कुठेतरी नोकरी करून आला असणार. बिल घेऊन पाल्मियाच्या दूतावासात जायचं आणि करपेटीत भरायचं. चालढकल करत गेलात, बिलं साचली, की कर्म, म्हणजे तुमच्या बऱ्यावाईट वागण्याचा आकडा, घसरतं. ते उणे ३० च्या खाली गेलं की तुम्ही गुन्हेगार. मग पहारेकरी दिसेल तिथे कापतात, दुकानदार दारात उभं करत नाहीत, आणि आसऱ्याला फक्त डर्फी उरतं, कारण ते गावच बदमाशांचं.

त्याच डर्फीत नोएल नावाची बाई भेटते. तिचं काम एका ओळीचं आहे: राजधानी पाल्मियातल्या खाणावळीत अणुबॉम्ब ठेवून ये. बॉम्ब ती देते. तुम्ही तो ठेवता, उलटी मोजणी सुरू होते, पळता, राजधानी भस्म होते. काही दिवसांत शहर पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं. कर बुडवायला हा मार्ग बरा, असं ज्याच्या मनात येईल त्याने आधी नकाशा नीट बघावा. करपेटी ज्या दूतावासात आहे, तो पाल्मिया शहराच्या हद्दीबाहेर आहे.