ब्रह्मास्त्र, शेणाचा लेप आणि १ जानेवारीची यादी

परवा पहाटे आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर येऊन पडला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ढकललेला. संध्याकाळपर्यंत तोच ठाण्याच्या मावशीकडून आला, मग ऑफिसातून. मजकूर थोडक्यात असा: अणुयुद्ध अटळ आहे, महाभारतातच लिहिलंय. मोहेंजोदडो अणुबॉम्बनेच बेचिराख झालं. करार म्हणजे रद्दी, हाती आलेला बॉम्ब कुणी सोडत नाही. बॉम्ब आहे म्हणूनच शांतता आहे. घर शेणाने सारवा, किरणोत्सार आत येणार नाही.

शेणाचं आधी उरकतो. किरणोत्सारातले गॅमा किरण अडवायला वजनदार जाडी लागते. नऊ-दहा सेंटिमीटर दाबलेल्या मातीतून जाताना ते जेमतेम निम्मे होतात. तिथे बोटभर लेपाचं काय घेऊन बसलात? आणि मोहेंजोदडोच्या विटांच्या भिंती आजही उभ्या आहेत. सापडलेले सांगाडेही एका दिवसात मेलेल्या माणसांचे नाहीत, ते वेगवेगळ्या थरांतले आहेत.

महाभारताचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण काकांनी गोष्ट अर्धीच वाचलीय. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा गवताची काडी मंतरून ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, उत्तरादाखल अर्जुनही सोडतो. पुढे काय होतं? नारद आणि व्यास त्या दोन आगींच्या मधोमध जाऊन उभे राहतात. आवरा म्हणतात. अर्जुन अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला घेता येत नाही, ते परत घेण्याइतका संयमच त्याच्याकडे नसतो, आणि ते अभिमन्यूच्या बायकोच्या, उत्तरेच्या, गर्भावर जाऊन पडतं. असं अस्त्र दुसऱ्या अस्त्राने अडवलं तर त्या मुलखात बारा वर्षं पाऊस पडत नाही, हा इशाराही व्यासांच्याच तोंडी आहे. (धुराने सूर्य झाकून पिकं बुडतील, असं शास्त्रज्ञ १९८३ पासून सांगताहेत. पण दोन्हींची सांगड घातली तर मीच एक फॉरवर्ड लिहिल्यासारखं होईल.) यात ‘अटळ’ कुठे आलं? ही तर मध्यस्थीची गोष्ट आहे.

धर्माच्या माणसांनी पुढेही इशारेच दिले, मुहूर्त नाही. जैन आचार्य तुलसींनी १९४९ साली अणुव्रताची, म्हणजे अहिंसेसारख्या छोट्या छोट्या व्रतांची, चळवळ सुरू केली. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका-रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले होते, त्या पेचानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल १९६३ मध्ये, पोप तेविसावे जॉन यांनी अण्वस्त्रांवर बंदी घाला म्हणून जगाला पत्र लिहिलं.

आता रद्दी. १९८६ साली जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रं होती, आज १२,००० च्या आसपास आहेत. ती काही गंजून कमी झाली नाहीत. अमेरिका आणि सोव्हिएत रशियातल्या १९८७ च्या एका करारानेच २,६९२ क्षेपणास्त्रं मोडीत काढली. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब स्वतःच सुटे केले. काकांचा मुलगा कितीतरी वर्षं न्यू जर्सीत आहे. १९९३ ते २०१३ या काळात रशियाच्या बॉम्बमधलं ५०० टन युरेनियम पातळ करून अमेरिकेच्या अणुवीजकेंद्रांत जाळलं गेलं. तिथली साधारण दहा टक्के वीज त्यातून यायची.

करार मरतात, हे मात्र खरं. १९८७ चा तो करार २०१९ मध्ये गेला आणि अमेरिका-रशियातल्या शेवटच्या मोठ्या कराराची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. पण छत गळतं म्हणून कुणी घर पाडत नाही.

‘बॉम्ब आहे म्हणून शांतता’? मे १९९८ मध्ये भारत-पाकिस्तान दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या आणि पुढच्याच वर्षी कारगिल झालं. २७ ऑक्टोबर १९६२ ला क्युबाजवळ वेढलेल्या सोव्हिएत पाणबुडीचा कप्तान अण्वस्त्रवाला टॉर्पेडो सोडायला निघाला होता, त्याला वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने थोपवलं. तो त्या दिवशी दुसऱ्या पाणबुडीवर असता तर? पेच सुटला तोही बोलणी करून, तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं गुपचूप हलवण्याचं कबूल करून.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? ७ मे २०२५ ला उरणला, ठाण्यात मॉक ड्रिल झाली, भोंगे वाजले. तीनच दिवसांनी, १० मे रोजी दुपारी ३:३५ ला पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी आपल्या महासंचालकांना फोन केला आणि त्याच संध्याकाळी मारा थांबवायचं ठरलं. हा फोन लढाईतही चालू ठेवलेला असतो, त्यामागे वर्षानुवर्षांचा कंटाळवाणा सराव असतो.

त्याहून कंटाळवाणी गोष्ट म्हणजे ती यादी. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्हीकडचे अधिकारी आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांच्या हाती देतात. कारगिलनंतर दिली, २६/११ नंतर दिली, मे २०२५ मधल्या लढाईनंतरच्या १ जानेवारीलाही दिली.

यादीत काय असतं, ते जाहीर होत नाही. पण रोज सकाळी ८:१२ च्या लोकलने वाशीची खाडी ओलांडताना डावीकडे ट्रॉम्बेचे डोंगर दिसतात. अणुसंशोधन केंद्र त्यांच्याच पायथ्याशी आहे, आणि ते त्या कागदावर नसेल असं मला वाटत नाही. काकाही आठवड्यातून दोनदा त्याच गाडीने चेंबूरला जातात. खिडकीची जागा मिळाली तर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात.