चांगल्या रस्त्यावर पैसे कोण घालणार?

२०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्ड्यामुळे कुणाचा जीव गेला तर घरच्यांना ६ लाख आणि जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. झालं, आमच्या डोंबिवलीच्या फॅमिली ग्रुपवर जुंपली, अर्धे म्हणे डांबर बंद करा सगळं काँक्रीट करा, अर्धे म्हणे टक्केवारी बंद करा. निकाल मला पटला, पण भांडण परत खड्ड्यापाशीच अडकलं आणि खड्डा तर सगळ्यात शेवटी पडतो.

मी राहतो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत. इथे रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला १०० पैकी मार्क असतात, पीसीआय म्हणतात. मुळात अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी धावपट्ट्यांसाठी काढलेली पद्धत. भेगा किती लांब, कुठे जाळी झालीये, कुठे खचलंय, जुने पॅच किती, हे बघायचं आणि मार्क कापायचे. आमच्या बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, सगळ्या शहरांची आणि काउंट्यांची सरासरी एमटीसी ही प्रादेशिक संस्था जाहीर करते, ती वर्षानुवर्षं ६७ च्या आसपास रेंगाळतेय. म्हणजे फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन नाही. त्यामुळे इकडे सगळं गुळगुळीत असतं हा गैरसमज काढून टाका.

खरी गंमत पुढे आहे. पैसे आधी बऱ्यापैकी चांगल्या रस्त्यांना जातात! कडीला नोटीस अडकवून जातात, गाड्या हलवा म्हणून, मग भेगांमध्ये गरम डांबर भरलं जातं आणि त्यावर खडीची भुकटी नि डांबराचा पातळ काळा रबडा पसरतात, स्लरी सील. काही तास त्यावर पाय ठेवायचा नाही. पलीकडच्या गल्लीचा रस्ता पार उखडलेला असतो, ते लोक चिडतात आणि चिडणारच. पण कौलं पावसाच्या आधीच शाकारतात ना, तसंच हे. पाणी एकदा खाली मुरलं की वरवर भागत नाही, अख्खा रस्ता खणून नव्याने करायचा आणि तो खर्च कैक पट.

आता डोंबिवलीतला कुठला नगरसेवक चांगल्या रस्त्यावर पैसे घालायची हिंमत करेल? नारळ फोडायलासुद्धा कुणी येणार नाही.

भावोजींचं म्हणणं, तुमच्याकडे पाऊस कुठे पडतो. बरोबरच आहे, सॅन होजेत वर्षाला ४०० मिमीसुद्धा पडत नाही, मुंबईतल्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ पडला होता. पण मग मोजणी आपल्यालाच जास्त हवी, पावसाआधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा. आणि काँक्रीट केलं म्हणून सुटका नाही, त्याचे सांधे भरत राहावेच लागतात, वर गॅसवाले नि केबलवाले कटर घेऊन तयारच. सॅन फ्रान्सिस्कोत नवा रस्ता झाला की ५ वर्षं खणायला बंदी असते, अपवाद सोडून.

पैसा मात्र इथे लोकांच्याच खिशातून येतो, २०१७ च्या कायद्याने पेट्रोलवर गॅलनमागे १२ सेंट वाढवले, २०१८ ला तो कर रद्द करायचा प्रस्ताव मतदानात पडला.

माझं म्हणणं एवढंच की वॉर्डातल्या प्रत्येक रस्त्याचे मार्क, कॉन्ट्रॅक्टरचं नाव आणि दोषदायित्व, म्हणजे बिघडलेला रस्ता त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपतं ते वेबसाइटवर टाका. यावर भावोजी, "मार्क देणार कोण, तोच कॉन्ट्रॅक्टर?" मुद्दा रास्त आहे. इकडे एमटीसी सर्व्हे करणाऱ्यांची आधी परीक्षा घेते. आणि मुंबईत काँक्रीटची कामं तपासायला आयआयटीला बसवलंच आहे की, मग डांबराच्या गल्ल्यांनी काय घोडं मारलंय?