सनफिश माशाच्या रंगाबद्दलचा माझाच मेसेज चुकलाय
मागच्या आठवड्यात मीच टाकलं होतं की इकडे न्यू जर्सीच्या तळ्यांत केशरी पोटाचा सनफिश म्हणजे नर आणि फिकट तो मादी, ते आता भलतंच फिरतंय, पण चूक आहे. पम्पकिनसीडमध्ये (सनफिशची एक जात) केशरी पोट आणि कल्ल्याच्या टोकावरचा लाल ठिपका दोघांनाही असतो, रविवारी असाच एक मस्त केशरी मासा साफ केला तर आत गाबोळी! मादी जरा फिकी, उभे पट्टे ठळक, एवढंच. ब्लूगिलचा (ही सनफिशचीच दुसरी जात) नर विणीच्या दिवसांत छातीला तांबूस होतो खरा, पण त्यांच्यात काही नर मादीसारखाच रंग घेऊन दुसऱ्याच्या घरट्यात घुसतात (काय डोकं!). जूनमध्ये काठाजवळ बशीसारखा खड्डा (हेच त्यांचं घरटं) राखत बसलेला दिसला तर तो नर, हे मात्र पक्कं. जुना मेसेज मी डिलीट केलाय, तुम्हीही पुढे पाठवू नका प्लीज.