'शिकाऊ मुलाला काय फरक पडतो?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

पहिला ट्रोंबोन (सरकत्या नळीचं फुंकवाद्य) कसा निवडावा यावरच्या माझ्या लेखाखाली परवा 'फोंड्याचा पालक' असं नाव लावून एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी ती इथे देतो: "जुना पण नावाजलेल्या कंपनीचा घ्या, असं सांगणारे तुमच्यासारखे मास्तर म्हणजे दुकानदारांचे दलाल. नऊ हजारांत नवा कोरा ट्रोंबोन घरपोच येतो. शिकाऊ मुलाला काय फरक पडतो? चांगला वाजवायला लागला की पुढे घेऊ. आणि महागच घ्यायचा तर ट्रिगरवाला घ्यावा, पुन्हा खर्च नको. प्लास्टिकचा ट्रोंबोन तुम्ही खेळणं म्हणून उडवून लावलात, तेही चूक. माहिती अर्धवट असेल तर लिहू नये."

बाब, माझ्याशी मतभेद असायला हरकत नाही. हरकत आहे ती 'दलाल' या शब्दाला. मी जुनं वाद्य घ्या म्हणतो. जुनं वाद्य एका घरातून दुसऱ्या घरात जातं, त्यात दुकानदार कुठे आला आणि दलाली कुठली? दुकानदाराचं भलं करायचं असतं तर मी नवा घ्या म्हटलं असतं, म्हणजे तुम्ही म्हणता तेच. चोवीस वर्षं मी मुलांना ट्रोंबोन शिकवतो आहे आणि कुणाच्या खरेदीतला एक रुपया माझ्या खिशात आलेला नाही. नाव न लावता असा शब्द लिहायला फार वेळ लागत नाही. तो ज्याला लागतो त्याला मात्र दोन दिवस दुसरं काही सुचत नाही, म्हणून हे उत्तर इतकं लांबलं आहे.

प्लास्टिकबद्दल तुमचं म्हणणं मान्य. 'खेळणं' हा शब्द मी वापरायला नको होता. प्लास्टिकचा ट्रोंबोन वजनाला किलोच्या आत असतो, त्याला पोचे पडत नाहीत, पावसाळ्यात हिरवं धरत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वर्षभर फुंकायला तो चालतो. त्याची स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकणारी नळी, थोडी जड चालते आणि तिच्यावर वारंवार पाणी फवारावं लागतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. लेखात तेवढी दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य. 'शिकाऊ मुलाला काय फरक पडतो?' हे वाक्य मी गोव्यात इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याचं उत्तर सविस्तरच द्यायला हवं.

फरक शिकाऊ मुलालाच सगळ्यात जास्त पडतो. ट्रम्पेटला तीन पिस्टन असतात, बोट दाबलं की नळीची लांबी ठरलेली. ट्रोंबोनवर ती लांबी मुलाचा हात ठरवतो. स्लाइड थांबवायच्या सात जागा, म्हणजे पोझिशन, आहेत आणि एकीचीही खूण वाद्यावर नाही. आपल्याकडच्या बँडवाल्यांच्या बोलीत, म्हणजे दो-रे-मीत सांगतो; सी बेमोल म्हणजे बी फ्लॅट. सी बेमोलची स्केल घ्या: सी बेमोल पहिल्या पोझिशनला, दो सहाव्या, रे चौथ्या, मी बेमोल तिसऱ्या, फा पुन्हा पहिल्या, सोल चौथ्या, ला दुसऱ्या आणि वरचा सी बेमोल पहिल्या. म्हणजे अगदी पहिल्या स्केलमध्ये, दुसऱ्याच सुराला, हात पहिलीवरून थेट सहावीला जातो. हे अंतर साधारण ४६ सेंटिमीटर. तिथून लगेच चौथीला, म्हणजे वीसेक सेंटिमीटर मागे. हे सगळं कोपरा-मनगटाच्या अंदाजाने आणि कानाने करायचं असतं.

आता स्लाइड अडकणारी असेल तर काय होतं ते बघा. मूल पहिलीवरून चौथीला निघतं. स्लाइड तिसरीच्या आसपास धरते. मूल खांद्याने जोर लावतं, ती एकदम सुटते आणि चौथीच्या पुढे जाऊन थांबते. त्या झटक्याने माउथपीस ओठांवरून सरकतो किंवा दातांवर दाबला जातो. सूर फाटतो. मुलाला वाटतं, आपल्याला जमत नाही. मग ते दोन गोष्टी आपोआप शिकतं: हात हलवताना फुंक तोडायची, आणि हात चुकीच्या जागी थांबला तर ओठ आवळून सूर वर ओढायचा. दोन्ही सवयी वर्षभरात इतक्या मुरतात की पुढे तुम्ही कितीही चांगलं वाद्य आणलं तरी सलग, न तुटणारी ओळ त्याच्याकडून निघत नाही. नव्या हलक्या स्लाइडवर तोच हात जोर लावायला शिकलेला असतो, म्हणून प्रत्येक पोझिशनच्या पुढे जातो. शिकवायला लागतात त्यापेक्षा जास्त महिने ते विसरवायला लागतात.

यात कानाचाही भाग आहे. प्रत्येक ट्रोंबोनवर पहिल्या पोझिशनचा वरचा रे निसर्गतःच किंचित उतरलेला असतो आणि त्याच्या वरचा फा किंचित चढलेला. चांगल्या स्लाइडवर मूल बोटभर हलवून ते दुरुस्त करायला शिकतं. ट्रोंबोनवाल्याचा कान याच कामाने तयार होतो. जी स्लाइड बोटभर हलतच नाही, हलली तर चार बोटं हलते, तिच्यावर कान कशाने तयार होणार?

'चांगला वाजवायला लागला की घेऊ' हा क्रम म्हणूनच उलटा आहे. अडकणाऱ्या स्लाइडवर मूल चांगलं वाजवायला लागतच नाही. वाद्य माळ्यावर जातं आणि घरात ठरतं की आमच्या पोराला सूर नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या पोराला सूर असतो.

मेरठच्या जली कोठीतून देशभरच्या बँडना वाद्यं जातात, तिथे हाताने बेल (वाद्याचं पसरट तोंड) घडवणारे कारागीर आहेत. माझी तक्रार कुठल्या गावावर नाही. माझी तक्रार ज्या स्लाइडची कुणी तपासणीच केली नाही, तिच्यावर आहे. आतली नळी आणि बाहेरची नळी यांच्यातली फट केसाएवढी असते. दोन नळ्या एकमेकींना समांतर नसल्या, किंवा क्रोमचा थर कच्चा असला, तर वरची लॅकर कितीही चकचकीत असो, वाद्य निकामी. आपल्या हवेत कच्चं क्रोम टिकत नाही. एका पावसाळ्यात ते सुटू लागतं, खालचं पितळ हिरवं धरतं आणि ती हिरवी भुकटी त्या केसाएवढ्या फटीत बसते.

म्हणून वाद्य नवं असो वा जुनं, पैसे देण्याआधी हे करा. बेल बाजूला काढा, फक्त स्लाइड हातात घ्या, लॉक सोडा आणि बाहेरची नळी पूर्ण उपसून काढा. आतल्या दोन्ही नळ्या उजेडात धरा. टोकाचा थोडा जाडसर भाग दिसेल, त्याला स्टॉकिंग म्हणतात, सगळं घासणं तिथेच होतं. क्रोम एकसारखं रुपेरी हवं. पिवळट पट्टा दिसला, नखाला खड्डे लागले, तर ते वाद्य ठेवून द्या. क्रोम ठीक असेल तर बाहेरची स्लाइड आडवी फिरवून तिचा एकच पाय (दोन नळ्यांपैकी एक) आतल्या एका नळीवर चढवा आणि हलवून बघा, मग दुसरा पाय दुसरीवर. एकेकटे दोन्ही सुरळीत चालतात पण जोडीने अडकतात, तर पाय समांतर नाहीत. हे जाणत्या कारागिराकडून सरळ होतं, भाव कमी करून घ्या. एकटासुद्धा अडकत असेल तर नळी वाकलेली आहे किंवा तिला पोचा आहे. असा पोचा बाहेरून दिसत नाही इतका लहान असला तरी पुरतो.

त्यानंतर स्लाइड पुन्हा जोडून उभी धरा, खाली दुसऱ्या कुणाचा तरी हात ठेवा. माउथपीसचं तोंड अंगठ्याने आणि बेलकडचं तोंड तळव्याने घट्ट बंद करा आणि बाहेरची नळी सोडा. हवा धरत असेल तर ती हळूहळू उतरेल. अंगठा काढला की सर्रकन खाली येईल. दोन्ही वेळा सारखीच धपकन आली तर कुठेतरी गळती आहे. आधी थुंकीच्या झडपेचा बूच बघा. बूच गेला असेल तर दुरुस्ती अगदी किरकोळ. शेवटी माउथपीस जिथे बसतो त्या नळीत टॉर्च मारा. आत गुलाबी ठिपके दिसले तर पितळातलं जस्त निघून गेलेलं असतं, त्या भागाला पुढे कधीतरी भोक पडणार. बेलवरची लॅकर उडालेली असली तर घाबरू नका, आवाजाला काही होत नाही आणि घासाघीस करायला चांगली.

फोनवर ट्यूनर असतोच. कुणा वाजवणाऱ्याला पाच मिनिटं वाद्य गरम करू द्या, ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची वेगळी छोटी नळी) दीड सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि पहिल्या पोझिशनचे खालचा सी बेमोल, फा आणि वरचा सी बेमोल वाजवायला सांगा. ट्यूनिंग स्लाइड पूर्ण आत ढकलूनही सूर उतरलेलाच राहत असेल तर त्या वाद्याची लांबीच चुकलेली आहे, त्याला इलाज नाही.

मी लेखात साधा टेनर, म्हणजे बिनट्रिगरचा नेहमीचा ट्रोंबोन, सुचवला होता: १२.७ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास), आठ इंची बेल. यामाहाचा वायएसएल-३५४ किंवा किंगचा ६०६ या मापाचे आहेत. दहा-पंधरा वर्षं वापरलेला असला तरी स्लाइड जपलेली असेल तर घ्या. त्याला बूच, स्प्रिंग, बाहेरची नळी, सगळं त्या मापाचं मिळतं. बिननावाच्या वाद्याचं मापच कुणाला माहीत नसतं.

आता ट्रिगरचं. ट्रिगर, म्हणजेच एफ अटॅचमेंट, म्हणजे बेलच्या मागे आणखी सुमारे ९० सेंटिमीटर नळी आणि एक रोटर (फिरती झडप). डाव्या अंगठ्याने दाबलं की सहावीचा दो पहिलीला मिळतो. ज्याचा हात सहावीपर्यंत पोचत नाही त्या मुलाला याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण ते सगळं वजन डाव्या हातावर येतं, कारण उजवा हात फक्त स्लाइड हलवतो. बारा वर्षांचं मूल दहा मिनिटांत बेल खाली टाकायला लागतं, मान वाकते, फुंक दबते. फेस्ताच्या आल्व्होरादला (बँडच्या पहाटेच्या फेरीला) किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत तास-दीड तास चालताना तर बघायलाच नको. शिवाय ट्रिगरवाले बहुतेक मोठ्या बोअरचे, १३.९ मिलिमीटरच्या आसपासचे. त्यांना लहान मुलाचा श्वास पुरत नाही आणि त्यांना माउथपीसही जाड शँकचा (नळीत बसणाऱ्या दांड्याचा) लागतो, साध्या टेनरचा त्यात सैल बसतो. हात पोचत नसेल तर वर्षभर दो वगळून वाजवा, नाहीतर तेवढं वर्ष युफोनियम फुंका, माउथपीसची सवय सारखीच राहते. यावर आणखी वाद घालायचा नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मुलासाठी सांगतो. स्वस्त वाद्याबरोबर बहुतेक १२सी मापाचा माउथपीस येतो, तो बारीक असतो. बाखचा साडेसहा एएल किंवा यामाहाचा ४८ बारीक शँकमध्ये घ्या, वाद्य तेच राहूनही आवाज भरतो. स्लाइडला खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. दोन्ही चिकट होतात आणि धूळ धरतात. स्लाइड क्रीम स्टॉकिंगवर तांदळाच्या दाण्याएवढं, आणि वर पाण्याचा फवारा. कोकम सरबत पिऊन तोंड न धुता फुंकू देऊ नका, साखर थेट त्या फटीत जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाजवून झालं की वाद्य लगेच पेटीत कोंबू नका. पेटीचं मखमल ओल धरून ठेवतं. आतल्या नळ्या पुसा, झडप उघडून पाणी काढा, अर्धा तास पंख्याखाली ठेवा. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, आतली नळी पिळली जाते. पुलर (माउथपीस ओढून काढायचं हत्यार) असलेल्या माणसाकडे न्या.

'माहिती अर्धवट असेल तर लिहू नये' याला मी उत्तर देत नाही. वर लिहिलं आहे ते तपासून बघा.

तुम्ही नऊ हजारांचा मागवलाच असेल, तर तो आल्यावर पेटी उघडून स्लाइडच्या ह्या तीन परीक्षा त्याच दिवशी करा, परत पाठवायची मुदत उलटायच्या आत. तिन्हीत उतरला तर खुशाल ठेवा आणि इथे तसं लिहा, मी तुमचं म्हणणं लेखात घालीन. नाही उतरला, तर परत पाठवा आणि मुलाचा हात किती पोचतो ते मोजून कळवा: उभं राहून, खांदा न वळवता, ओठांपासून मुठीपर्यंत किती सेंटिमीटर. त्याच्या मापाचा जुना शोधायला मी मदत करीन, आणि पैसे तुम्ही विकणाऱ्याच्याच हातात द्यायचे.